आधी अळणी, मग निखारा: कोल्हापुरी मटण न करपवता भाजायचं कसं

कोल्हापूरचा हात रश्श्यावर बसलेला आहे. मळ्यात जमलेलं रस्सा मंडळ असो की घरचा रविवार, बकऱ्याचं मटण पातेल्यात कसं शिजवायचं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. निखाऱ्यावर भाजायची वेळ आली की मात्र गणित चुकतं. कच्चे तुकडे दह्या-मसाल्यात घोळून थेट जाळीवर टाकले जातात. दहा मिनिटांत ते वरून काळे होतात, आतून चिवटच राहतात, म्हणून आणखी पंधरा मिनिटं ठेवले जातात. शेवटी ताटात येतो तो करपलेला, कोरडा तुकडा.

याचं उत्तर आपल्याच स्वयंपाकात आहे. पांढऱ्या रश्श्यासाठी आपण मटण आधी हळद आणि आलं-लसणात शिजवून अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, काढतो. तेच मटण पाऊण शिजलं की बाहेर काढायचं आणि निखाऱ्यावर आठ ते दहा मिनिटांत उरकायचं. मटण मऊ राहतं, करपायला वेळच मिळत नाही, बरीचशी चरबी पातेल्यात सुटते आणि रश्श्याची सोय आपसूक होते. चाप, कलेजी, खिमा आणि ब्रॉयलर कोंबडी यांना ही पायरी लागत नाही, त्यांची रीत पुढे वेगळी दिली आहे.

करपण्यात वाईट काय असतं

दोन गोष्टी घडतात आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. ती नीट कळली तर पुढच्या प्रत्येक सूचनेमागचं कारण आपोआप लक्षात येईल.

पहिली गोष्ट तुकड्याच्या पृष्ठभागावर घडते. मांसाच्या स्नायूंत क्रिएटिन असतं, अमिनो आम्लं असतात, थोडी साखर असते. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या वर हे पदार्थ एकमेकांशी संयोग पावून हेटरोसायक्लिक अमाइन नावाची रसायनं तयार करतात. आच जितकी जास्त आणि वेळ जितका लांब, तितकं त्यांचं प्रमाण वाढतं. पाण्यात शिजणारं मटण कधीच या तापमानाला पोचत नाही, त्यामुळे रश्श्यातल्या मटणात हा प्रश्न जवळजवळ नसतोच.

दुसरी गोष्ट निखाऱ्यावर घडते. चरबी आणि रस विस्तवावर गळतो, जळतो, आणि त्या धुरातून पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन वर येऊन तुकड्यावर बसतात. बेंझोपायरीन हे त्यांतलंच एक. म्हणजे इथं दोष मटणाचा कमी आणि गळणाऱ्या चरबीचा व धुराचा जास्त. चर्र आवाज होऊन पांढरा धूर उठला की भूक चाळवते हे खरं, पण नको असलेली गोष्ट नेमकी त्याच धुरात असते.

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना ही रसायनं मोठ्या प्रमाणात दिली तेव्हा त्यांना कर्करोग झाला. माणसांबाबतचा पुरावा इतका सरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, सलामी यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं असा पुरेसा पुरावा असलेल्या पदार्थांत टाकलं. तांबडं मांस गट २अ मध्ये, म्हणजे ‘बहुधा घडवतं’ या गटात आलं. बकऱ्याचं मटण तांबड्या मांसातच मोडतं. घाबरून मटण सोडायचं कारण नाही. काळी खपली खायची नाही आणि धुरात मटण धरायचं नाही, एवढं तरी पाळावं. फ्रीजरमधली तयार सॉसेज शेगडीवर भाजणं मात्र आम्ही सुचवणार नाही. त्यात दोन्ही बाजूंनी तोटा आहे.

मटण घेताना

सहा जणांसाठी दीड किलो हाडासकट मटण पुरतं. खाटकाला ‘भाजायला पाहिजे’ असं आधीच सांगा, नाहीतर तो सवयीनं रश्श्याचे बारीक तुकडे करून देईल. तुकडा ५० ते ६० ग्रॅमचा हवा. लहान तुकडा जाळीवर सुकतो आणि मोठ्याच्या मध्यापर्यंत मीठ पोचत नाही.

मागच्या मांडीचे तुकडे आणि पुढचा फरा या दोन्ही जागा अळणीच्या रीतीसाठी उत्तम. फऱ्यात पडदे आणि शिरा जास्त, म्हणून तो कच्चा भाजला तर दातात अडकतो, पण आधी शिजवला तर मांडीपेक्षा रसदार लागतो. सीना चरबीचा असतो, तो रश्श्यालाच ठेवा. जाळीवर सीना टाकला की सगळ्यात जास्त भडका उडतो. बरगडीचे चाप वेगळे बांधून घ्या.

मटण गुलाबी-तांबडं आणि चरबी पांढरी असेल तर जनावर कोवळं. गडद रंग आणि पिवळट चरबी म्हणजे थोराड. तेव्हा शिजायचा वेळ दीडपट धरा. वरची चरबी ३-४ मिलिमीटर एवढी ठेवून बाकीची काढून घ्या. पूर्ण काढली तर तुकडा कोरडा पडतो.

कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि त्या अवस्थेतलं मटण सगळ्यात चिवट असतं. सकाळी आणलेलं मटण संध्याकाळी भाजायचं असेल तर नेमकी हीच वेळ साधली जाते. शक्य असेल तर आदल्या दिवशी आणून झाकलेल्या डब्यात फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ४ अंशांना ठेवा. एका रात्रीत फरक पडतो. ते जमणार नसेल तर चाप भाजायचा नाद सोडून सगळंच मटण अळणीच्या रीतीनं करा.

अळणी काढणं

दीड किलो मटणाला १५ ग्रॅम मीठ, म्हणजे अडीच सपाट चहाचे चमचे, १ चमचा हळद, ४० ग्रॅम आलं-लसूण वाटण आणि मूठभर कोथिंबिरीचे देठ. जाड बुडाच्या पातेल्यात १ मोठा चमचा तेल, त्यात वाटण परता, मटण टाका, हळद-मीठ घाला. वर खोलगट ताट झाका आणि ताटात पाणी ओता. मटण मंद आचेवर आधी स्वतःच्याच रसात १० मिनिटं वाफवायचं. मग ताटातलं तापलेलं पाणी आत ओतायचं आणि एकूण दीड लिटर होईल इतकं गरम पाणी घालायचं. गार पाणी घालू नका, त्यानं उकळी मोडते आणि वेळ वाढतो.

आता पाणी नुसतं रटरटत राहिलं पाहिजे. खळखळून उकळलं तर मटणाचे धागे आवळून कोरडे पडतात आणि अळणी गढूळ होते. कोवळ्या मटणाला ३५ ते ४५ मिनिटं, थोराडाला तासाहून जास्त. शिरा आणि पडद्यांमधलं कोलॅजन ७० अंशांच्या वर हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. त्यासाठी वेळ लागतो, नुसती जास्त आच देऊन भागत नाही. निखाऱ्यावर हा वेळ मिळत नाही, म्हणूनच ही पायरी. घाई असेल तर कुकरात मध्यम आचेवर २ शिट्या, फार तर ३, आणि प्रेशर आपोआप उतरू द्यायचं. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतला रस उसळून बाहेर येतो.

कुठं थांबायचं हे या पूर्ण रीतीतलं कळीचं ठिकाण आहे. काट्याचा चमचा आत गेला पाहिजे, पण ओढल्यावर मटण हाडापासून सुटता कामा नये. सुटायला लागलं म्हणजे पूर्ण शिजलं. असं मटण जाळीवर फाटतं आणि तुकडे विस्तवात पडतात. तसं झालंच तर भाजायचा बेत रद्द करून सुकं करा, उगाच हट्ट नको.

उकडताना क्रिएटिन आणि अमिनो आम्लांचा बराचसा भाग पाण्यात उतरतो. म्हणजे पृष्ठभागावर ती नको असलेली रसायनं तयार व्हायला कच्चा मालच कमी उरतो. अळणीत मात्र त्याचा काही अपाय नाही, कारण पाणी तेवढं तापतच नाही. अळणी फ्रीजमध्ये ठेवली की बकऱ्याची चरबी वर घट्ट थर धरते. तो थर चमच्यानं उचलून टाका आणि खालच्या अळणीचा रस्सा करा. पांढऱ्या रश्श्याला लिटरभर अळणीला एका नारळाचं दाट दूध, १ मोठा चमचा तीळ आणि तेवढीच खसखस भिजवून वाटलेली, मिरी, दालचिनी, लवंग, वेलदोडे. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा उकळू द्यायचा नाही, फुटतो.

मटण अळणीतून काढल्यावर चाळणीत पसरून २० मिनिटं उघडं ठेवा. वाफ निघून वरचा भाग कोरडा झाला पाहिजे. ओला तुकडा जाळीवर भाजत नाही, तो आधी आपलं पाणी सुकवत बसतो. तोवर आतलं मटण जास्त शिजतं आणि रंग येत नाही म्हणून माणूस निखारा वाढवतो. मटण जाळीला चिकटतं त्यातही निम्मा दोष याच ओलेपणाचा.

चटणी कधी लावायची

कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात आणि ती सुरुवातीपासून लावली तर हमखास जळते. तिच्यात सुकं खोबरं, तीळ, तळलेला कांदा, मिरची हे सगळं आधीच भाजलेलं असतं. निखाऱ्यावर दोन मिनिटांत ते कडू होतं. म्हणून दोन थर करायचे.

पहिला थर: फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही १०० ग्रॅम, अर्धा चमचा हळद, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीचं वाटण २ चमचे, शेंगतेल १ मोठा चमचा. कोरडं झालेलं मटण यात घोळवून अर्धा तास ठेवायचं. दही पातळ असेल तर टिपकत राहतं आणि विस्तवावर राख उडवते, म्हणून चक्काच हवा.

दुसरा थर: दोन मोठे चमचे चटणी, एका लिंबाचा रस आणि थोडं पाणी कालवून केलेला पातळ लेप. हा शेवटच्या २ मिनिटांत ब्रशनं किंवा कोथिंबिरीच्या जुडीनं लावायचा. घरच्या चटणीत मीठ असतंच. वर वेगळं मीठ घालू नका. गूळ, मध, टोमॅटो सॉस अशा गोड वस्तू लेपात घालणं टाळा, त्या सगळ्यात आधी काळ्या पडतात.

आंबट, लसूणयुक्त लेपात मुरवलेल्या मांसावर ती रसायनं कमी तयार होतात असं अभ्यासांत आढळलं आहे. म्हणजे मुरवणं निव्वळ चवीचं काम नाही. मात्र जाड लेप लावून तो करपवला तर उलटाच परिणाम. जाळीवर ठेवण्यापूर्वी जादा लेप बोटानं निपटून टाका.

विस्तव

दीड किलो मटणाला दीड ते दोन किलो लाकडी कोळसा लागतो. बाभळीचा कोळसा जड, टिकाऊ आणि कमी ठिणग्यांचा. दगडी कोळसा अन्नाजवळ आणायचाच नाही. प्लायवूडचे तुकडे, रंग दिलेल्या फळ्या, माल वाहायच्या लाकडी पेट्या हे काहीही जाळू नका. डिंक, रंग आणि औषधं त्या लाकडात मुरलेली असतात. उसाचं पाचट आगपेटीची काडी लावायला ठीक, पण भाजायला नाही. त्याचा जाळ क्षणात भडकतो, लगेच विझतो आणि उडणारी काळी राख मटणावर बसते. रॉकेलनं पेटवलेल्या कोळशाला वास राहतो आणि तो वास मटण धरतं.

सोपा उपाय म्हणजे पत्र्याच्या डब्याची चिमणी. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा दोन्ही बाजूंनी उघडा करा, खालून चार बोटांवर आरपार दोन सळया घाला आणि खालच्या कडेला भोकं पाडा. पहिल्यांदा मोकळाच डबा जाळून घ्या म्हणजे वरचा रंग निघून जाईल. दोन विटांवर ठेवून खाली कागद आणि नारळाच्या शेंड्या, वर कोळसा. फुंकणी न घेता २० ते २५ मिनिटांत सगळा कोळसा फुलतो.

कोळसा काळा दिसतोय तोवर मटण ठेवू नका. अर्धवट पेटलेला कोळसा सगळ्यात जास्त धूर देतो. प्रत्येक तुकड्यावर राखाडी थर आला आणि आत लाल झाला की तो शेगडीत ओता. पावसाळ्यात कोळसा ओल धरतो, मग तो तडतडतो आणि धुमसतो. आदल्या दिवशी ऊन मिळालं नाही तर कोळसा चुलीच्या बाजूला ठेवून सुकवून घ्या. पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी खोलीत मात्र कधीच नेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, झोप आल्यासारखं होतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. छप्पर असलेला पण चारी बाजूंनी उघडा सोपा चालेल, खिडकी उघडी ठेवलेली खोली चालणार नाही.

निखारा शेगडीच्या दोन कडांना ओढा आणि मध्ये मोकळी जागा ठेवा. त्या जागेत बोटाच्या पेराएवढं पाणी घालून स्टीलची जुनी ताटली ठेवा. चरबी गळली तर पाण्यात गळेल, विस्तवावर नाही. जाळी निखाऱ्यापासून १२ ते १५ सेंटिमीटर वर हवी. दोन्हीकडे विटांचे थर लावले की साधतं. जाळी स्टीलची घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली कुंपणाची जाळी नको, आंबट लेपाला जस्त सुटतं.

आच मोजायला हात पुरतो. तळहात जाळीच्या उंचीवर धरा. २-३ सेकंदांत काढावा लागला तर आच तीव्र, ४-५ सेकंद टिकला तर मध्यम, ६-८ सेकंद टिकला तर मंद. आपल्याला मध्यम हवी. तीव्र असेल तर पाणी मारू नका, राख उडून मटणावर येते. निखारा पसरवा किंवा पाच मिनिटं थांबा.

भाजणं

१. जाळी तापू द्या, घासून घ्या, कांद्याची फोड तेलात बुडवून तिच्यावर फिरवा. गार जाळीवर मटण चिकटतं.

२. तुकडे आधी ताटलीच्या वर, म्हणजे मोकळ्या मधल्या भागावर मांडा आणि वर मोठं स्टीलचं पातेलं उपडं घाला. ४-५ मिनिटांत मटण आतपर्यंत गरम होतं.

३. मग पातेलं काढून तुकडे निखाऱ्याच्या वर सरकवा. दर मिनिटाला पलटा. एक बाजू पूर्ण भाजून मगच पलटायची सवय इथं सोडावी लागते. वारंवार पलटल्यानं पृष्ठभाग फार तापत नाही आणि ती रसायनं बरीच कमी होतात. पलटायला चिमटा वापरा, काट्यानं टोचलं की रस गळतो.

४. तीन मिनिटांनी चटणीचा लेप लावा, आणखी दीड-दोन मिनिटं दोन्ही बाजूंनी भाजा आणि उतरवा.

५. तपकिरी, कडेला थोडे गडद ठिपके, एवढाच रंग पुरे. काळी खपली आली असेल तर सुरीनं काढून टाका.

भडका उडाला तर फक्त मटण बाजूला करायचं. जाळाला वारा घालायचा नाही, पाणी शिंपडायचं नाही. वीस-तीस सेकंदांत चरबी जळून जाते. भाजणाऱ्यानं वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, कारण सगळ्यात जास्त धूर त्याच्याच छातीत जातो. ताटलीत साठलेला काळपट रस चविष्ट दिसला तरी रश्श्यात ओतू नका. जळालेल्या पृष्ठभागावरून गळालेली ती रसायनं त्यातही असतात.

शेवटी कोळशावर तूप टाकून द्यायच्या धुंगाराबद्दल. जळत्या चरबीचा धूर मुद्दाम करून तो अन्नात कोंडणं, एवढंच त्यात घडतं. इतकी काळजी घेऊन भाजल्यावर शेवटी हेच करायचं असेल तर आधीची मेहनत वाया. चांगल्या चटणीला धुंगार लागत नाही असं आमचं स्पष्ट मत आहे.

अळणीशिवाय थेट भाजायच्या वस्तू

चाप. दोन बोटं जाड, हाडाकडची चरबी कमी केलेले. किलोला १२ ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम आलं-लसूण, १५० ग्रॅम चक्का आणि सालीसकट वाटलेली कच्ची पपई फक्त १ मोठा चमचा. पपईतलं पपेन मांसाचे धागे तोडतं. दीड-दोन तास पुरे; रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो आणि आतला तसाच राहतो. मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं, दर मिनिटाला पलटत.

कलेजी. दीड सेंटिमीटरचे काप, फक्त मीठ, मिरी, लसूण. मीठ शेवटी, आधी लावलं तर पाणी सुटतं. दोन्ही बाजूंनी मिळून ४ ते ६ मिनिटं. आत गुलाबी राहू देऊ नका, पण पुढे एक मिनिट जास्त झालं तरी ती कडक होते. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं, म्हणून गरोदर बाईला देऊ नये.

खिमा सळईवर टिकत नाही ही सगळ्यांची तक्रार, आणि तिची कारणं तीन. कांद्याचं पाणी पिळलेलं नसतं, खिमा मळलेला नसतो, आणि तो गार नसतो. अर्धा किलो खिम्याला एक मध्यम कांदा किसून घट्ट पिळून घ्या, ४० ग्रॅम डाळ्याचं पीठ, ६ ग्रॅम मीठ, वाटण. हाताला चिकट तार सुटेपर्यंत पाच मिनिटं मळा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा. चपट्या सळईला ओल्या हातानं बोटाएवढा जाड थापा. गोल सळईवर तो फिरतो. पहिली दोन मिनिटं हलवू नका, मग पलटत राहा. दळताना बाहेरचे जंतू आत मिसळतात, म्हणून खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे.

ब्रॉयलरच्या तंगडीला हाडापर्यंत दोन चिरा द्या. २५ मिनिटं मधल्या भागावर झाकून, मग पाच मिनिटं निखाऱ्यावर. गावरान कोंबडी मात्र बकऱ्यासारखीच आधी शिजवून घ्यायची.

आतलं तापमान पाहायला अन्नाचा थर्मामीटर घ्या, रंगावर विसंबू नका. काटा हाडाला लागू न देता सगळ्यात जाड भागात घालायचा. कोंबडी ७४ अंश, खिमा आणि कलेजी ७१ अंश. चापाला ६३ अंश आणि उतरवल्यावर तीन मिनिटं विश्रांती पुरते, पण आपल्याकडे पूर्ण शिजलेलं आवडतं, तेव्हा ७० पर्यंत न्या. थर्मामीटर बरोबर आहे का हे उकळत्या पाण्यात तपासताना ध्यानात ठेवा की कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. काटा १०० दाखवत नाही म्हणून तो फेकून देऊ नका.

कच्च्या मटणाचं ताट आणि भाजलेल्याचं ताट वेगळं. चिमटाही वेगळा, किंवा मध्ये धुतलेला. कच्चं मटण बुडवलेला उरलेला लेप भाजलेल्यावर लावायचा असेल तर तो उकळून घ्या. कोंबडी वाहत्या नळाखाली धुतली तर शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. धुवायचीच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन धुवा.

कोळसा नसेल तर

ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली भाजणं चांगलं. आच वरून येते आणि चरबी खाली ताटात गळते, त्यामुळे धूर मटणाला लागतच नाही. अळणीतून काढलेलं मटण एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. बिडाचा तवाही उत्तम, फक्त तेलाचा धूर निघायच्या आत मटण टाका. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये लिंबू-मिठाचा लेप लावलेलं मटण गुंडाळू नका, आंबट पदार्थात ॲल्युमिनियम उतरतं. केळीचं पान विस्तवावर शेकून मऊ करा आणि त्यात गुंडाळा, कडा जळल्या तरी आत मटण वाफेवर शिजतं.

किती खायचं आणि उरलेल्याचं काय

वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाची शिफारस आठवड्याला शिजलेलं तांबडं मांस ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवण्याची आहे. हाडासकट एक किलो मटणातून शिजल्यावर खाण्याजोगं साधारण अर्धा किलो निघतं. वरच्या दीड किलोत सहा जणांच्या वाट्याला प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम येतं. भाजलेल्याबरोबर दह्यातला कांदा, मुळा, काकडी, ज्वारीची भाकरी आणि वाटीभर पांढरा रस्सा असला की एवढं पोटभर होतं. खरडा ज्याला झेपेल त्यानं घ्यावा.

भाजलेलं मटण दोन तासांच्या वर बाहेर राहू देऊ नका. उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर असेल तर तासाभरातच फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निखाऱ्यावर न धरता थोड्या अळणीत झाकण ठेवून गरम करा.

जाळी गरम असतानाच घासायची, गार झाल्यावर चरबी चिकटून बसते आणि पुढच्या वेळी तीच जळून धूर करते. तारेचा ब्रश टाळा. त्याची तार तुटून जाळीला चिकटली तर घासाबरोबर पोटात जाते. चुरगळलेली फॉइल किंवा नारळाची शेंडी चिमट्यात धरून घासलं की काम होतं. निखाऱ्यावर पाणी ओतून तो पूर्ण विझवा, राख दुसऱ्या दिवशीच उचला, आणि ती पाचटाच्या ढिगाजवळ टाकू नका.